बेट कुणाच्या बापाचं?

रात्रपाळीत पाऊस आला. पोलादाच्या कॉइल भिजू नयेत म्हणून फाळके झाकले, क्रेन थांबली, आणि आमची टोळी शेडखाली बिड्या ओढत बसली. बोटीवरचा एक फिलिपिनो खलाशी खाली उतरून आमच्यात येऊन टेकला. पन्नाशी उलटलेला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून जमलं. बोलता बोलता म्हणाला, बोटीवर चढायच्या आधी मी दियागो गार्सियात होतो. अमेरिकेच्या लष्करी तळावर, खानावळीत भांडी घासायला. मी विचारलं, तिथली माणसं कशी आहेत रे? तो हसला. म्हणाला, तिथं तिथली माणसं नाहीत. गाढवं आहेत. रानात मोकाट फिरतात. आणि एक जुनं चर्च आहे, कबरी आहेत.

कबरी आहेत म्हणजे माणसं होती. एवढं कळायला मॅट्रिकपर्यंतही शिकावं लागत नाही. मग ती गेली कुठं? पाऊस थांबला, मुकादमानं शिट्टी मारली, बोलणं तुटलं. पण डोक्यात गाढवं फिरत राहिली. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाऊन बसलो, शब्दकोश घेऊन. जे वाचलं ते इथं सांगतो. शहाण्यांनी भाषा तपासत बसू नये.

शाळेच्या पुस्तकात राष्ट्र म्हणजे काय ते लिहिलेलं असतं. एक भूमी, एक लोक, एक इतिहास वगैरे. गुरुजींनी पाठ करून घेतलं, आम्ही घोकलं. त्या धड्यात बोट नव्हती. बोटीत कोण कोंबलं गेलं, बोट कुणाच्या मालकीची होती आणि धक्क्यावर कुणी कुणाच्या नावानं सही ठोकली, हे त्यात कुठंच नव्हतं. अरे, ज्या शहरात आपण राहतो ते बघा ना. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा तह झाला आणि मुंबई बेट हुंड्यात गेलं. हुंड्यात! १६६८ साली राजानं ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं. कोळ्याला कुणी विचारलं? भंडाऱ्याला, आगरी-कुणब्याला कुणी विचारलं? आमच्या लोकांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. नवरदेवानं नवरीचं तोंड बघायच्या आधी बेट बघितलं. ह्यालाच पुढं मुत्सद्देगिरी म्हणायला लागले.

आता मॉरिशस बघा. ह्या देशाची गंमत अशी की तिथं मूळचं कुणीच नाही. १६३८ साली डच येऊन वसले, त्यांच्या राजपुत्राचं नाव बेटाला चिकटवलं, डोडो पक्षी संपवला आणि १७१० ला निघून गेले. १७१५ ला फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकमधून माणसं धरून आणली, गुलाम म्हणून. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकलं, १८१४ च्या पॅरिसच्या तहानं कागदावर पक्कं केलं. म्हणजे तिथला प्रत्येक जण बोटीतून उतरलेला. भूमिपुत्र म्हणून छाती बडवायला जागाच नाही. मुंबईत ज्यांना भूमिपुत्राची उबळ येते त्यांना सहा महिने तिकडं पाठवलं पाहिजे.

१८३३ साली इंग्लंडनं गुलामी बंद करायचा कायदा केला. नुकसानभरपाई दिली दोन कोटी पौंड. कुणाला? गुलामांना नाही, मालकांना! ज्याला साखळीत ठेवलं त्याला काही नाही, उलट आणखी काही वर्षं फुकट राबायला लावलं, त्याला नाव दिलं उमेदवारी. ज्यानं साखळी घातली त्याला रोकडा. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा तुकडा इंग्रज सरकारनं २०१५ साली फेडला. म्हणजे मी शाळेत पाढे म्हणत होतो तेव्हा लंडनमध्ये गुलामांच्या मालकांचा हिशेब चालू होता. आणि आम्ही राखीव जागेचा विषय काढला की सांगतात, जुनं उकरू नका.

गुलाम सुटले, पण ऊस तर कापायचाच होता. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडं वळली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ नावाची बोट पोर्ट लुईला लागली. तिच्यात छत्तीस मजूर. कलकत्त्यात मॅजिस्ट्रेटसमोर पाच वर्षांच्या करारावर त्यांचे अंगठे घेतलेले, पगार महिना पाच रुपये. हे कोण होते? छोटा नागपूरकडचे आदिवासी. साहेबाच्या कागदात त्यांना धांगड आणि डोंगरी कुली म्हटलंय. ब्राह्मण नव्हते, बनिया नव्हते. नव्या धंद्यात जीव गेला तर कुणाचा जावा, हे आधीच ठरलेलं असतं. गटाराच्या भोकात पहिला कोण उतरतो ते आपल्याला माहीत आहे.

त्यानंतर कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई, ह्या तीन बंदरांतून साडेचार लाखांवर माणसं त्या एका बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या धक्क्यावरून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, सोळा. त्या चढल्या की आत दोन दिवस डांबून ठेवायचे, तपासायचे, नंबर द्यायचे. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, २००६ साली युनेस्कोनं ती जागतिक वारसा म्हणून लावली. आत गेलेल्या माणसाची वहीत नोंद व्हायची. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. आणि जात. हो, जातीचा रकाना होता! समुद्र ओलांडला की जात बुडते असं शास्त्र सांगत होतं. साहेबानं ती बुडू दिली नाही, वहीत कोरडी ठेवली. त्या वह्या अजून मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. पुढं मजुरांचे फोटोही काढायला लागले. नंबर लावलेली ती माणसं फोटोत कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, कॅमेऱ्याच्या मागं बघतात. गोदीच्या गेटपाससाठी माझा फोटो काढला त्यात मी तसाच दिसतो.

मुंबईहून गेलेल्यांत कोकणची माणसं पुष्कळ. त्यांची पोरं-नातवंडं तिथं आजही स्वतःला मराठी म्हणवतात. कास्कावेल गावात गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. आपले पुढारी तिकडं जाऊन हारतुरे घेतात, सातासमुद्रापार मराठी झेंडा वगैरे बोलून येतात. झेंडा कसला बोडक्याचा? पोट घेऊन गेले होते. माझा आजा कोकणातून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरला, खांद्यावर घोंगडी आणि खिशात एका गाववाल्याचा पत्ता. त्याच्या आधी शंभर वर्षं त्याच किनाऱ्यावरचा कुणी त्याच बोटीच्या वाटेनं दोन पावलं पुढं गेला असेल तर तो मॉरिशसला पोचला. फरक एवढाच.

मळ्यावर काय चालायचं? एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापायचा. दुहेरी कापणी. १८६७ च्या कायद्यानंतर तर पास जवळ नसला की पोलीस भटक्या म्हणून धरायचे. जुन्या मजुरांची, ज्यांचा करार कधीच संपला होता त्यांचीसुद्धा शिकार चालायची. आमच्या ठेकेदाराला हा कायदा कुणी वाचून दाखवला देव जाणे. गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती म्हणून एक पाळी चुकली, तर त्यानं दोन हजेऱ्या मारल्या. मी म्हटलं, हे एकोणिसाव्या शतकातलं आहे. तो म्हणाला, जास्त वाचतोस तू.

तर असा हा देश. गुलामांची पोरं, गिरमिट्यांची पोरं, थोडे चिनी, थोडे गोरे साखरवाले. १९४३ साली बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यावर मजुरांनी मजुरीसाठी आवाज केला तेव्हा पोलिसांनी गोळ्या घातल्या. अंजलाय कूपेन नावाची गरोदर बाई त्यात मेली. पुढं संघटना वाढल्या, मतदान वाढलं आणि स्वातंत्र्याची बोलणी सुरू झाली. इथपर्यंत गोष्ट आपल्या मनासारखी चालते. कुली उठला, कुलीच्या पोरानं राज्य मागितलं. टाळ्या वाजवाव्यात अशी.

आणि इथंच ती कबर लागते.

मॉरिशसपासून दोन हजार किलोमीटरांवर, आपल्या कन्याकुमारीच्या खाली अठराशे किलोमीटरांवर, चागोस नावाची लहान लहान बेटं. मॉरिशसच्याच कारभाराखाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी तिथं गुलाम नेऊन नारळ लावले. मागून थोडे हिंदुस्थानी मजूरही गेले. खोबरं सुकवायचं, तेल काढायचं, मासे धरायचे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत त्यांची स्वतःची क्रेओल बोली झाली, सेगाची गाणी झाली, चर्च झालं, पाच-सहा पिढ्यांच्या कबरी झाल्या. त्यातलं सगळ्यात मोठं बेट दियागो गार्सिया. अमेरिकेला हिंदी महासागरात विमानं आणि आरमार ठेवायला जागा हवी होती. बेट हवं होतं, माणसं नको होती. इंग्रजाला सांगितलं, झाडून दे.

२३ सप्टेंबर १९६५. लंडन. स्वातंत्र्याच्या बोलण्यांसाठी मॉरिशसचे पुढारी आलेले. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन सीवूसागर रामगुलामांना वेगळे भेटले. विल्सनच्या हातात त्याच्या अधिकाऱ्यांनी दिलेली चिठ्ठी होती, ती पुढं उघड झाली. तिच्यात सरळ सांगितलेलं: ह्या माणसाला आशा दाखवून घाबरवायचं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबद्दल शहाणपणा केला नाही तर मिळणार नाही ही भीती. रामगुलाम कबूल झाले. किंमत तीस लाख पौंड. ८ नोव्हेंबरला राणीच्या हुकमानं चागोस तोडून नवी वसाहत बनवली. जगभर वसाहती सुटत होत्या तेव्हा इंग्रजानं एक नवीकोरी पैदा केली! १९६६ च्या डिसेंबरात अमेरिकेशी करार झाला. भाडं नाही. पण आतल्या आत इंग्रजाला पोलॅरिस अणुक्षेपणास्त्रांच्या बिलात एक कोटी चाळीस लाख डॉलरांची सूट मिळाली. आमचं बेट हुंड्यात गेलं, त्यांचं डिस्काउंटमध्ये.

ह्या रामगुलामांचा बाप बिहारातून गिरमिटात आलेला मजूर. म्हणजे जो त्या दगडी पायऱ्या चढून आला, त्याच्या पोराच्या हातात पेन आलं आणि त्या पेनानं त्याच्याहून खालच्याचं घर लिहून दिलं.

थांबा. शिवी द्यायची घाई नको. सप्टेंबर महिना आणि गळ्यावर सुरी ठेवून घेतलेली संमती, हे आपल्याला नवीन आहे काय? २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. गांधी उपोषणाला बसलेले, अख्खा देश बाबासाहेबांच्या अंगावर धावून आलेला. गांधी मेले तर गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्या पेटतील ही धास्ती. त्या धास्तीत पुणे करारावर सही झाली आणि स्वतंत्र मतदारसंघ हातचा गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं तेरा विरुद्ध एक मतानं सांगितलं की चागोस तोडताना घेतलेली संमती ही लोकांची मोकळी आणि खरी इच्छा नव्हती, इंग्रजानं ताबा लवकरात लवकर सोडावा. वाचताना मी पुस्तक मिटलं आणि उठून बाहेर येऊन उभा राहिलो. चोपन्न वर्षांनी का होईना, कुणीतरी म्हणालं की धाक दाखवून घेतलेली सही ही सही नव्हे. येरवड्यासाठी असं कोर्ट कुठल्या गावात आहे?

पण दोन सह्यांत फरक आहे आणि तो झाकून चालणार नाही. बाबासाहेबांनी जे सोडलं ते आपलं होतं, आपल्याच माणसांचा जीव वाचवायला सोडलं आणि उरलेलं आयुष्य ते त्या सहीशी भांडत राहिले. रामगुलामांनी जे सोडलं ते दुसऱ्यांचं होतं. त्या खोलीत चागोसचा एकही माणूस नव्हता. खोबरं सुकवणारा काळा, त्याला कोण बोलावतो? १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झालं. तारीख निवडली गांधींच्या दांडी यात्रेची. मीठ उचलल्याच्या आठवणीनं झेंडा चढवला आणि मिठाच्या पाण्यातली बेटं दुसऱ्याच्या ताब्यात. आपल्यातलेही काही आता खुर्चीपर्यंत पोचलेत, पेन त्यांच्याही हातात आहे. कुणाची वस्ती, कुणाचं गायरान, कुणाची शिष्यवृत्ती लिहून देतात ते आपण बघतो आहोत. नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

आता माणसं कशी काढली ते ऐका. पण त्याच्या आधी शब्द कसा काढला ते ऐका, कारण खरी हत्या तिथं झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे वसाहतीत कायमची वस्ती असेल तर तिच्याबद्दल जबाबदारी येते, अहवाल द्यावे लागतात. मग लंडनच्या साहेबांनी ठरवलं की इथं कायमची वस्ती नाहीच. जे आहेत ते कंत्राटी मजूर. कामासाठी आलेले, काम संपलं की जाणारे. १९६६ च्या एका सरकारी टिपणात एका बड्या साहेबानं लिहिलं की समुद्रपक्ष्यांखेरीज तिथं मूळचं कुणी उरणार नाही. त्याखाली दुसऱ्यानं भर घातली, पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि मॅन फ्रायडेही जातील, ज्यांच्या मुळाचा पत्ता नाही. मॅन फ्रायडे म्हणजे रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला नोकर, वाळूत पावलाचा ठसा वगैरे.

कंत्राटी. भावांनो, हा शब्द मी रोज गळ्यात घालून गेटातून आत जातो. सात वर्षं त्याच धक्क्यावर तोच माल उचलतो, पण कागदावर मी दर काही महिन्यांनी नवा असतो. जुनं कार्ड काढून घ्यायचं, नवं द्यायचं. मी कायम तिथंच असतो, फक्त कागद मला कायम होऊ देत नाही. त्यामुळं पाच पिढ्यांच्या कबरींना कंत्राटी कसं करतात हे मला कुणी समजावून द्यायला नको. कार्ड बदलायचं, बस्स!

पहिल्यांदा जे औषधपाण्याला, बाजारहाटाला मॉरिशसला गेले त्यांना परत येऊ दिलं नाही. १९६८ साली रीटा बांकू नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन गेली. पोरीचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडला होता. पोर मेली. परत जायला बोट विचारली तर उत्तर मिळालं, तुमचं बेट विकलं गेलं. मग हळूहळू रसदीच्या बोटी कमी केल्या, दूध-तांदूळ कमी केलं, माणसं आपणहून निघावीत म्हणून. १९७१ च्या कायद्यानं परवान्याशिवाय तिथं राहणं हाच गुन्हा ठरवला. त्याच वर्षी दियागो गार्सियावरची कुत्री मारली. खोबरं सुकवायच्या शेडमध्ये कोंडली आणि लष्करी गाड्यांचा धूर आत सोडला. पोरांच्या डोळ्यांदेखत. पुढचा नंबर तुमचा हे सांगायला भाषा लागत नाही. गाढवं तेवढी राहिली, त्यांना धरायला गेलं कोण?

‘नॉर्दवेर’ नावाची बोट फेऱ्या मारत होती. डझनभर उतारूंच्या बोटीत शंभरावर माणसं, खोबऱ्याच्या आणि खताच्या पोत्यांवर आडवी. १९७३ च्या मे महिन्यात पेरोस बान्योस रिकामं झालं आणि सगळं संपलं. दीड-दोन हजार माणसं. शेवटची बोट पोर्ट लुईला लागली तेव्हा माणसं उतरायलाच तयार नव्हती. सांगितलं, आम्हाला घर द्या नाहीतर परत न्या. मग त्यातल्या काहींना जी घरं दाखवली त्या चाळींचं नाव डॉकर्स फ्लॅट्स. गोदी कामगारांची घरं! दारं-खिडक्या उचकटलेली, आत डुकरं. नारळाखालची माणसं धक्क्यावर हमाली शोधायला लागली. बाया धुणीभांडी करायला लागल्या. पुष्कळ मेले. काय झालं विचारलं तर त्यांच्या बोलीत एकच शब्द सांगतात, साग्रें. म्हणजे दुःख, हाय. डॉक्टरच्या कागदावर हा आजार नसतो. गिरणी बंद पडल्यावर परळ-लालबागच्या चाळीत ह्या रोगानं किती गेले त्याची तरी नोंद कुणी केली?

लढल्या त्या बाया. शार्लेसिया अलेक्सी, लिझेट तालात, रीटा बांकू. रस्त्यावर बसल्या, उपोषणं केली, पोलिसांचा मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. पुरुष कुठं होते? दारूत होते, असं त्याच सांगतात. आपल्याकडं वेगळं काय आहे? १९८२ साली इंग्रजानं चाळीस लाख पौंड दिले आणि बदल्यात इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर अंगठे घेतले. कागदात होतं, परतीचा हक्क सोडला. वाचता येत नसलेल्याचा अंगठा! १८३४ चा कलकत्त्याचा अंगठा आणि १९८२ चा हा अंगठा, एकाच हाताचा वाटतो.

रीटाचा मुलगा ऑलिव्हिए, धंद्यानं वायरमन, लंडनच्या हायकोर्टात गेला आणि २००० च्या नोव्हेंबरात जिंकला. हद्दपारी बेकायदा. चार वर्षांनी सरकारनं संसदेला बगल देऊन राणीच्या सहीचा हुकूम काढला आणि निकाल गुंडाळला. २००८ ला लॉर्डांच्या कोर्टात तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. २०१० ला तर कमाल केली. चागोसभोवती मोठं सागरी अभयारण्य जाहीर केलं. मासे वाचवायला! त्याच सुमाराचा अमेरिकन वकिलातीचा गुप्त संदेश फुटला, त्यात इंग्रज अधिकारी सांगतो की ह्यामुळं मॅन फ्रायडेंच्या पावलांचे ठसे परत उमटणार नाहीत. चाळीसहून जास्त वर्षांनी तीच शिवी, जपून ठेवलेली. झाडं लावून, पक्षी पाळून माणूस हाकलायची ही युक्ती आदिवासींना विचारा, ते दहा जंगलांची नावं सांगतील.

मे २०१९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूनं मत दिलं, सहा विरोधात. हिंदुस्थान बाजूनं होता, चांगलं केलं. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसनं करारावर सह्या केल्या. चागोस मॉरिशसचं, पण दियागो गार्सियाचा तळ नव्याण्णव वर्षं ब्रिटनकडं, वर्षाला सरासरी दहा कोटी पौंड भाड्यानं. बाकी बेटांवर माणसं वसवता येतील, दियागो गार्सियावर नाही. म्हणजे ज्या कबरी त्या खलाशानं बघितल्या, त्या कबरीच्या मालकांना नाही. सहीच्या दिवशी दोन चागोशियन बाया लंडनच्या कोर्टात गेल्या, आम्हाला विचारलंच नाही म्हणून. पहाटे मनाई हुकूम मिळाला, दुपारी उठवला, मग सही. १९६५ ला खोलीत नव्हते. २०२५ लाही दाराबाहेर. ह्या वेळी तर सुरी कुणाच्याच गळ्यावर नव्हती.

मॉरिशसच्या राज्यकर्त्यांना चागोस हवा तो जमिनीचा. चागोसच्या माणसाशी, एकूण क्रेओलशी ते कसे वागले ते वेगळं प्रकरण आहे. गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला पोर्ट लुईच्या कडेच्या वस्त्या आल्या, रोश ब्वा सारख्या. त्याच रोश ब्वाचा काया नावाचा गायक, सेगा आणि रेगे जोडून गाणारा, फेब्रुवारी १९९९ मध्ये पोलीस कोठडीत मेला. देश चार दिवस पेटला. कोठडीत मेलेला गायक कुठल्या रंगाचा असतो हे सांगायला नको. आणि हिंदुस्थानी बाजूला जातींच्या वेगवेगळ्या सभा आहेत, निवडणुकीत त्यांची गणितं मांडतात. रकाना वहीतून निघून मतपेटीत गेला. तेव्हा कुणी म्हणालं की बोटीत बसलं की जात जाते, तर त्याला मॉरिशसचं तिकीट काढून द्या.

आता आपल्या घरची गोष्ट. आगालेगा हे मॉरिशसचंच दुसरं लहान बेट, माणसं जेमतेम तीनशे. तीही तीच, नारळाच्या मळ्यावर नेलेल्या गुलामांची नातवंडं-पतवंडं. २०१५ च्या करारानं तिथं हिंदुस्थाननं तीन किलोमीटरची धावपट्टी आणि बोटींसाठी धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ ला दोन्ही पंतप्रधानांनी पडद्यावर बटण दाबून उद्घाटन केलं. बांधायला मजूर आपले. हिंदुस्थान आणि मॉरिशस म्हणतात, लष्करी तळ नाही, बेटाच्या सोयीसाठी आहे. सोय होत असेलही. पण तीनशे माणसांना तीन किलोमीटरची धावपट्टी? आमच्या अख्ख्या वस्तीला धड एक रस्ता नाही. तिथल्या लोकांच्या नावावर जमीन नाही. बाळंतपणाला बाईला बेट सोडून मॉरिशसला जावं लागतं.

पेपरात मोठे मथळे आले, हिंदी महासागरात भारताचं पाऊल, चीनला शह. गोदीतली आमची पोरंही खूश. मी विचारलं, धक्का कुणी बांधला? आपल्या मजुरांनी. कुणाच्या दारात? गुलामाच्या नातवाच्या. मग शह नेमका कुणाला बसला? एक जण म्हणाला, तू देशद्रोह्यासारखा बोलतोस. मी म्हटलं, रामगुलामांच्या खोलीतही सगळे देशप्रेमीच होते.

रीटा बांकू पोरीचा पाय दाखवायला गेली आणि तिला बोट मिळाली नाही. आगालेगाची बाई आज पोटुशी होऊन त्याच पोर्ट लुईला जाते. ती बाळ घेऊन परत धक्क्यावर येते तेव्हा तिला बोटीत घेतात ना, हे आपल्या सरकारला विचारा. धक्का आपल्या पैशानं बांधलाय.